विकणाऱ्याचा वकील

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना फारसा फेरफार केलेला नाही.)



संयोजकांनी मला 'निवृत्तीनंतरचे दिवस' असा विषय दिला होता. पण काल संध्याकाळी चौरस्त्यावर उतरल्यापासून तुमच्यापैकी निदान सातआठ जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "वावर विकलं म्हणतात तुम्ही. कितीत गेलं?" कितीत गेलं हे सगळ्यांना पाहिजे. कसं गेलं, हे कोणीच विचारलं नाही. म्हणून विषय बदलतो. संयोजकांनी रागावू नये.

इथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक नोकरीसाठी नागपूर, पुणे, हैदराबाद असे पांगले. ज्यांचे आईवडील गेले, त्यांच्या नावावर इथलं चारपाच एकर आणि एक जुनं घर राहिलं. आपण सगळे आता विकण्याच्या वयात आलो आहोत. आणि जाम म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. जुना सात नंबरचा, आताचा चव्वेचाळीस नंबरचा महामार्ग, त्यालाच वरोरा-चंद्रपूरचा फाटा. रस्त्याला लागून असलेल्या वावराचा भाव कापसा-सोयाबीनवर ठरत नाही. त्यामुळे आपल्याला शोधत गिऱ्हाईक येतं आणि त्याच्या आधी दलाल येतो.

माझ्याकडेही तसाच आला. गावातलाच, ओळखीचा. आजोबांचं पाच एकर वावर होतं. आजोबांनंतर बाबांनी चाळीस वर्षं वाहिलं. २०१६ साली बाबा गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती. सातबारावर माझं आणि धाकट्या भावाचं नाव लागलं. भाऊ बर्मिंगहॅमला असतो. त्याला फोन केला, तो म्हणाला, "विकून टाक दादा, तू बघ काय ते." झालं. २०२२ च्या दिवाळीनंतर दलालानं नागपूरचा एक खरेदीदार आणला, भाव ठरला आणि पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर इसारपत्र झालं. ते कोणी लिहिलं? दलालानं आणलेल्या माणसानं. कोणाच्या बाजूनं? हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. मी चष्मा लावून भाव आणि इसाराची रक्कम तेवढी वाचली, बाकीच्या तीन पानांवर सह्या केल्या आणि वर सगळ्यांना चहा पाजला.

रात्री भावाला सांगितलं. त्यानं नुकतंच तिकडचं आपलं जुनं घर विकून दुसरं घेतलं होतं. त्यानं विचारलं, "आपला कन्व्हेयन्सर कोण आहे?" मला तो शब्दच कळला नाही. तो सांगायला लागला, आणि मी कौतुकानं ऐकत राहिलो.

तिकडे घर विकायचं तर विकणाऱ्याचा एक आणि घेणाऱ्याचा दुसरा, असे दोन माणसं कागदाला बसतात. ते सॉलिसिटर असतात, नाहीतर १९८५ च्या कायद्यानं निघालेले परवानाधारक कन्व्हेयन्सर. त्यांचं कामच मालमत्तेच्या हस्तांतरणाचं. विकणाऱ्याचा कन्व्हेयन्सर कराराचा मसुदा करतो, घेणाऱ्याचा त्याला लेखी प्रश्न विचारतो, त्याची उत्तरं लेखी जातात. पैसा त्यांच्या खात्यांतून फिरतो. आणि मुख्य म्हणजे तिथल्या सरकारी नोंदवहीत मालक म्हणून ज्याचं नाव लागलेलं आहे, त्याच्या मालकीची हमी सरकार घेतं.

आपल्याकडे कन्व्हेयन्स हा शब्द माहीत आहे तो पुण्या-मुंबईच्या सोसायटीवाल्यांना. 'डीम्ड कन्व्हेयन्स' मिळाला नाही म्हणून ते भांडत असतात. सरकारी मराठीत त्याला 'मानीव अभिहस्तांतरण' म्हणतात. हा शब्द आपल्या मराठीच्या सरांनी फळ्यावर दहा वेळा लिहायला लावला असता. पण त्या कामाचा असा वेगळा पेशा आपल्याकडे नाही. ते काम थोडं वकील करतो, थोडं रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर बसलेला दस्तलेखक, थोडं मुद्रांक विक्रेता, आणि बरंचसं दलाल. आपल्या भागात वकील लावतो तो घेणारा. विकणाऱ्याला वाटतं, मला काय करायचं वकिलाचं? मला तर पैसे घ्यायचेत.

मीही हेच म्हणत होतो. पण भावाच्या हट्टामुळे मी हिंगणघाटच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्या आपल्याच वर्गातल्या, आत्ता याच मांडवात बसल्या आहेत. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे, म्हणून मी नाव घेत नाही. तुम्ही मान वळवून बघू नका, त्यांना आवडणार नाही. (हशा.)

तिनं इसारपत्र वाचलं. सगळं वाचलं, मी वाचलं नव्हतं ते सुद्धा. मग मला म्हणाली, "हे वाक्य बघ." वाक्य साधारण असं होतं: सदर मिळकतीवर कोणाचाही हक्क, हिस्सा, बोजा, तारण नाही, तसं काही निघाल्यास त्याचं निवारण लिहून देणार यांनी स्वखर्चानं करून द्यायचं, त्याची कोणतीही तोशीस लिहून घेणार यांना लागू द्यायची नाही. मी म्हटलं, "हे तर सगळ्याच कागदात असतं." ती म्हणाली, "असतंच. म्हणूनच विचारते. कोणाचा हक्क नाही, हे तुला कसं माहीत?"

"सातबारावर आमची दोघांचीच नावं आहेत."

"बाबांच्या नावावर कसं आलं?"

"आजोबांकडून."

"आजोबांना मुलं किती?"

इथे मी गप्प झालो. आजोबांना तीन मुलं. बाबा आणि दोन आत्या.

पुढचे दोन महिने तिनं जे काम केलं, त्यालाच कन्व्हेयन्सरचं काम म्हणायचं असं मला वाटतं. म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

पहिलं तिनं समुद्रपूरला तहसीलच्या रेकॉर्डमधून जुने सातबारा, फेरफाराच्या नकला आणि मूळ विक्रीपत्र काढलं. आजोबांनी हे वावर १९५८ साली विकत घेतलं होतं. त्या कागदावर मुंबई राज्याचा उल्लेख आहे. मला गंमत वाटली. तिनं सांगितलं की वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणून आपल्याकडच्या कुळकायद्याचं मूळ नाव 'मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम, १९५८' असं होतं. आपल्या इतिहासाच्या बाईंनी हे शिकवलं असणार. मी त्या दिवशी वावरात असेन.

मूळ कागदावरून एक गोष्ट पक्की झाली. वावर आजोबांनी स्वतः कमावलेलं. ते १९७४ साली गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं. म्हणजे १९५६ चा हिंदू वारसा कायदा सरळ लागू. बायको, मुलगा, मुली, सगळ्यांना सारखा हिस्सा. पुढे आजी गेली, तिचा हिस्सा तिच्या मुलांत सारखा. पण १९७४ नंतरच्या फेरफारात लिहिलं होतं, 'मयताचा वारस मुलगा', आणि खाली बाबांचं एकट्याचं नाव. दोन्ही आत्यांचा उल्लेखच नाही. कोणी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्या काळी असंच लिहीत. मुलींची लग्नं झाली, त्या आपल्या घरी गेल्या, पटवाऱ्याला कोणी विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही.

मी म्हटलं, "पण चाळीस वर्षं बाबांनी एकट्यानं वाहिलं की." तिचं उत्तर होतं की एका वारसाचा ताबा हा कायद्यात सगळ्या वारसांचा ताबा धरला जातो. नुसती वर्षं मोजून बहिणीचा हिस्सा भावाचा होत नाही. आणि सातबारा हा महसुलाचा कागद आहे. सारा कोणाकडून घ्यायचा, हे सरकारला कळावं म्हणून तो असतो. त्यानं मालकी मिळत नाही आणि त्यात नाव नाही म्हणून मालकी जातही नाही.

आता हिशेब करा. सर, तुम्ही आम्हाला अपूर्णांक शिकवताना छड्या खाल्लेला मी. तीन मुलं, प्रत्येकी एक तृतीयांश. बाबांच्या एक तृतीयांशात आम्ही दोघं भाऊ. म्हणजे माझा एक षष्ठांश. मी स्वतःला निम्म्या वावराचा मालक समजून पूर्ण पाच एकराचा इसार घेऊन बसलो होतो, आणि माझी मालकी होती एकरभरालाही कमी. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी गणित सुटलं.

इसारपत्राचं काय? कराराने मालकी जात नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे. पण करार म्हणजे खेळही नाही. २०१८ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून न्यायालय करार प्रत्यक्ष पुरा करायला लावतं ते मेहेरबानी म्हणून नव्हे, तर नियम म्हणून. माझ्या इसारात विक्रीपत्राला सहा महिन्यांची मुदत होती आणि मी चुकलो तर इसाराची दुप्पट रक्कम परत. घेणारा चुकला तर काय, याबद्दल तीन पानांत एक ओळ नव्हती. त्याच्या माणसानं लिहिलेला कागद, त्यात माझी काळजी कोण कशाला घेईल?

आत्यांशिवाय आणखी दोन गोष्टी निघाल्या. एक, बाबांनी सेवा सहकारी सोसायटीचं पीककर्ज घेतलं होतं. ते कधीच फिटलं, पण इतर हक्कात बोजा तसाच होता. सोसायटीचा निल दाखला आणि एक फेरफार, तेवढ्यानं तो उतरला. दुसरी गोष्ट जड होती. महामार्गाच्या चौपदरीकरणात वावराची एक पट्टी गेली होती आणि मोबदलाही बाबांनी घेतला होता. पण कमी-जास्त पत्रक झालेलं नव्हतं, म्हणून सातबारावर क्षेत्र जुनंच. इसारही जुन्याच क्षेत्राचा. म्हणजे जे वावर रस्त्याखाली गेलं होतं, तेसुद्धा मी विकलं होतं. मोजणी करून घेतली, क्षेत्र दुरुस्त झालं. तेवढे पैसे कमी आले, आणि यायलाच पाहिजे होते.

दलालाला हे सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, नाव नाही त्याची सही कशाला? रजिस्ट्रीत कोणी विचारत नाही." आणि हे त्याचं खरं होतं! रजिस्ट्रीत खरंच विचारत नाहीत. दुय्यम निबंधक बघतो ते कागद नोंदणीयोग्य आहे का, मुद्रांक बरोबर आहे का, सही करणारा तोच आहे का. तुम्ही खरे मालक आहात का, हे शोधून काढणं त्याचं काम नाही. आपल्याकडे नोंद होते ती दस्ताची. तिकडे भावाच्या देशात नोंद होते मालकीची. हा सगळा फरक तिनं मला ऑफिसच्या बाहेर नीरा पिता पिता सांगितला. रजिस्टर झालं म्हणजे पक्कं झालं, हे आपण सगळे धरून चालतो. पक्कं काय होतं, तर ती तोशीसवाली ओळ.

ती म्हणाली, "दोन वाटा आहेत. आत्या आणि मोठ्या आत्याची मुलं हिस्सा घेतील, नाहीतर हक्कसोड देतील. ठरवायचं त्यांनी. तयार कागद घेऊन जाऊ नकोस." हक्कसोडपत्रसुद्धा रजिस्टरच लागतं, साध्या स्टॅम्पवर नोटरी करून चालत नाही, हेही तिनं बजावलं.

मी तयार कागद घेऊन गेलो. हे मी आज पहिल्यांदा तिच्यासमोर कबूल करतो आहे. इथल्याच एका दस्तलेखकाकडून हक्कसोडपत्र टाइप करून घेतलं, पेढे घेतले आणि हिंगणघाटला धाकट्या आत्याकडे गेलो. आत्या आता ऐंशीच्या घरात. लहानपणी सुट्टीत मी तिच्याच घरी असायचो. मला वाटलं, आत्या नाही म्हणणार नाही.

तिनं पेढा तोंडात टाकला, कागद नातीकडून मोठ्यानं वाचून घेतला. मग मला म्हणाली, "काऊन रे, हक्कसोड म्हंजे काय?"

मी म्हटलं, "म्हणजे आत्या, तुझा हिस्सा तू आम्हाला सोडून देते."

"आन् तुम्ही तो इकता?"

"हो."

"मंग मी सोडू कायले? तुम्ही इकता तं मीही इकते."

घरात कोणी काही बोललं नाही. नात हसायला लागली. आत्या रागावली नव्हती, ते मला जास्त लागलं. ती पुढे म्हणाली, "त्या वावरात म्या निंदन केलं, मायच्या संगं. तुह्या बापाच्या आधी." मग चहा ठेवायला उठली. मी कागद घडी करून खिशात घातला. बाबा असते तर? बाबांनी आत्याला कधी काही दिलं नाही असं नाही. दिवाळीला लुगडं, आंब्याचा हंगाम, तुरीची डाळ, सगळं जायचं. पण हिस्सा असं कधी म्हटलं नव्हतं. आणि मीही त्याच वळणानं पेढे घेऊन आलो होतो.

मोठी आत्या नाही. तिचा मुलगा आणि मुलगी वणीला. त्यांना फोन केला तेव्हा मावशीनं त्यांना आधीच सांगितलेलं होतं.

मग सगळे मिळून तहसीलला अर्ज दिला. कोणाची हरकत नव्हती, सगळ्यांची संमती होती, म्हणून वारसांची नावं लागायचं काम सुरळीत झालं. वाद असता तर जुन्या फेरफारावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, मग दिवाणी दावा, आणि मग आपला पुढचा स्नेहमेळावासुद्धा कोर्टाच्या आवारात घ्यावा लागला असता. तुमच्यापैकी काहींचं वावर वडिलोपार्जित असेल. तिथे हिशेब वेगळा बसतो. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच मुलासारखी हिस्सेदार आहे, आणि त्या तारखेला बाप जिवंत असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला सांगून टाकलं. तपशील वकिलाला विचारा. पण बहिणीला आधी विचारा.

खरेदीदाराला आमच्या वकीलबाईंनी सगळं लेखी कळवलं. मी घाबरलो होतो की तो दुप्पट इसार मागेल. तो नागपूरहून आला, कागद बघितले, थोडा वेळ चिडला आणि मग त्यानं आपला वकील बदलला. जुना इसार दोघांच्या सह्यांनी लेखी रद्द करून नवा केला. पाच लिहून देणार: मी, भाऊ, आत्या आणि मोठ्या आत्याची दोघं. नव्या इसारात घेणारा चुकला तर काय, तेही आलं. तिनं त्याच्याकडून तो शेतकरी असल्याचा पुरावा, म्हणजे त्याचा स्वतःचा सातबारा, मागून घेतला. बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही, ते आपल्याकडे त्या विदर्भाच्या कायद्यातच आहे. हे घेणाऱ्यानं बघायचं असं मला वाटायचं. ती म्हणाली, व्यवहार मोडला तर पैसे तुझ्याकडेच मागणार आहेत.

भावाच्या सहीचा प्रश्न होता. तो येऊ शकत नव्हता. त्यानं बर्मिंगहॅमच्या भारतीय वकिलातीत जाऊन माझ्या नावे मुखत्यारपत्र केलं. त्याचा मसुदाही तिनंच करून पाठवला होता: खास मुखत्यारपत्र, एवढ्याच गट नंबरापुरतं, एवढ्याच कामापुरतं. आममुखत्यारपत्र नको म्हणाली, सख्ख्या भावाला सुद्धा नको. परदेशातून आलेल्या अशा कागदाला इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लागतो, तोही वेळेत लावला. जाता जाता सांगतो, तुमच्यापैकी ज्यांनी हायवेच्या कडेचे प्लॉट नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि नोटरीवर घेतले आहेत, त्यांनी २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा सूरज लॅम्प निकाल कोणाकडून तरी समजून घ्यावा. जेवणाआधी नको, जेवण जाणार नाही.

पैशाचं एक सांगतो. दलालाचं म्हणणं होतं की काही रक्कम रोख घ्या. वकीलबाईंनी फाईल मिटली आणि म्हणाली, मग दुसरा वकील बघ. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर प्राप्तिकर कायद्यात घेणाऱ्यावर तेवढाच दंड आहे, आणि पैसे घेणारा म्हणजे विकणारा. रोखीचं प्रकरण तिथेच संपलं. विक्रीपत्राच्या मसुद्यात नेहमीचं वाक्य होतं, 'पूर्ण मोबदला मिळाला, काही बाकी राहिले नाही.' तिनं ते काढून पाचही जणांची खाती, प्रत्येकाची रक्कम आणि बँकेचा व्यवहार क्रमांक असा तक्ता टाकला, आणि पाचही फोनवर मेसेज आल्यावरच सह्या होतील असं खरेदीदाराला सांगितलं. तिकडे इंग्लंडात हे काम कन्व्हेयन्सरचं खातं करतं. इथे आम्ही समुद्रपूरच्या रजिस्ट्री ऑफिसच्या व्हरांड्यात फोन हातात धरून बसलो होतो. आत्याचा मेसेज सगळ्यात शेवटी आला. तिच्या फोनला रेंज नव्हती. नात फोन घेऊन रस्त्यापर्यंत जाऊन आली.

आत बोलावलं. फोटो, अंगठा, ओळख पटवणारे दोन साक्षीदार. कारकुनानं नाव पुकारलं, आत्याचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासह. तिनं पदर सारखा केला, कॅमेऱ्याकडे बघितलं. सही करता येते का विचारलं, तर म्हणाली येते, आणि पाच मिनिटं घेऊन केली. कोणी घाई केली नाही. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "ह्या कागदाची एक कापी मले भेटन का?" झेरॉक्स काढून दिली. ती तिच्या पेटीत आहे.

दलालाला दोन टक्के दिले तेव्हा माझा हात थरथरला नाही. वकीलबाईंची फी त्याच्या पाव भागालाही नव्हती, आणि तेव्हा मी म्हटलं होतं, "वर्गमैत्रिणीला थोडं कमी कर." ती काही बोलली नाही, पावती फाडली. त्या पावतीबद्दल मला आजही लाज वाटते. तिच्या फाईलमध्ये मूळ विक्रीपत्रापासून फेरफाराच्या नव्या नोंदीपर्यंत सगळे कागद क्रमानं लावलेले आहेत, वर यादी, प्रत्येकापुढे तारीख. ती फाईल ज्याला बघायची असेल त्याला मी दाखवीन. सोबत आणली आहे.

आता घराचं. कितीत गेलं, याचं उत्तर मी दिलं नाही, पण घर का नाही गेलं ते सांगतो. जामचं आमचं घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर अजून आजोबांच्या नावावर आहे. तोच खरेदीदार घरही घ्यायला तयार होता. या वेळी मी कागद न घेता गेलो, पेढे न घेता गेलो, आणि आत्याला नुसतं विचारलं. ती म्हणाली, "वावर इकलं. घर नाही इकायचं." तिचा एक तृतीयांश आहे. तिची सही नाही.

त्यामुळे घर अजून आहे. मागच्या पावसात आम्ही कवेलू फेरले, मोटर दुरुस्त केली. आज रात्री ज्यांची लॉजमध्ये सोय झाली नसेल त्यांनी तिकडे यावं. गाद्या सात आहेत, पाणी भरपूर आहे. आत्या कालपासून तिथेच आहे आणि तिनं झुणका-भाकरीचं सगळं सामान आणून ठेवलं आहे.